पेटी उघडण्याआधी : व्हिडिओ गेममधला जुगार आणि सरकारचे काम

गेममधल्या ‘नशिबाच्या पेट्यां’विषयी वाचकांचे बरेच प्रश्न आले. काही पालकांचे, काही खेळणाऱ्यांचे, एक गेम बनवणाऱ्याचा. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : लूट बॉक्स, गाचा, पॅक, केस अशी नावे ऐकतो. हे सगळे एकच का? आणि पेटी उघडताना आत नेमके काय घडते?

नावे वेगळी असली तरी यंत्रणा एकच आहे. खेळाडू पैसे देतो, किंवा पैशाने घेतलेले हिरे-नाणी देतो, आणि काय मिळणार हे ठाऊक नसलेली पेटी उघडतो. जपानी धाटणीच्या गेममध्ये या प्रकाराला गाचा म्हणतात, फुटबॉलच्या गेममध्ये पॅक, काउंटर-स्ट्राइकमध्ये केस.

बटण दाबले की गेम कंपनीच्या सर्व्हरला विनंती जाते. सर्व्हर आधी तुमच्या शिलकीतून रक्कम वजा करतो, मग एक यादृच्छिक, म्हणजे नशिबाने येईल ती, संख्या काढतो आणि ती एका तक्त्याशी ताडून पाहतो. हा तक्ता बहुधा दोन पायऱ्यांचा असतो. पहिल्या पायरीवर दर्जा ठरतो : साधा, दुर्मीळ, अतिदुर्मीळ. दुसऱ्या पायरीवर त्या दर्जातली वस्तू ठरते. वस्तू खात्यात जमा होते आणि काम संपते. एवढ्याला एक सेकंदही लागत नाही.

पडद्यावर मात्र खेळ यानंतर सुरू होतो. पेटी थरथरते, फटीतून प्रकाश येतो, वस्तूंची पट्टी सरकत सरकत मंदावते. सोनेरी वस्तू काट्यापाशी येते आणि केसभर पुढे निघून जाते. ‘थोडक्यात हुकले’ असे वाटते, पण हुकण्यासारखे काही उरलेलेच नसते, कारण निकाल पट्टी सरकू लागण्यापूर्वीच लागलेला असतो. थोडक्यात हुकल्याची ही भावना माणसाला पुन्हा डाव लावायला लावते, हे जुगाराच्या यंत्रांवरील संशोधनात अनेकदा दिसले आहे. बक्षीस कितव्या प्रयत्नाला मिळेल हे ठरलेले नसले की प्राणी सर्वांत चिकाटीने कळ दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच प्रयोगांतून दाखवले होते. पेटीची रचना त्याच तत्त्वावर उभी आहे.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. रिकामी पेटी जवळपास कधीच नसते. काहीतरी निघतेच : आधीच असलेली वस्तू, रंगाची बाटली, चार तुकडे. त्यालाही टाळ्यांचा आवाज आणि फुलबाजा असतो. शंभर देऊन पाचची वस्तू हाती आली तरी पडदा ‘अभिनंदन’ म्हणतो, त्यामुळे हरल्याची नोंद मनात होतच नाही.

प्रश्न : पेटीवर ‘१ टक्का शक्यता’ असे लिहिले आहे. म्हणजे शंभर पेट्यांत एकदा ती वस्तू मिळणार ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत महाग पडतो, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

प्रत्येक पेटी स्वतंत्र असते, आधी किती उघडल्या हे तिला माहीत नसते. एका पेटीत वस्तू न निघण्याची शक्यता ०.९९. शंभर पेट्यांत एकदाही न निघण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा स्वतःशी शंभर वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.३६६. शंभर पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३७ जण रिकाम्या हातानेच परततात. निम्मी खात्री हवी असेल तर ६९ पेट्या लागतात, ९० टक्के खात्रीसाठी २३० आणि ९५ टक्क्यांसाठी २९९. पूर्ण खात्री कितीही पेट्या उघडल्या तरी मिळत नाही.

आता खरे आकडे घेऊ. काउंटर-स्ट्राइकच्या केसमधील शक्यता २०१७ मध्ये चीनमधील वितरकाने तिथल्या नियमामुळे जाहीर केल्या : सर्वांत खालचा निळा दर्जा ७९.९२ टक्के, सर्वांत वरचा, म्हणजे चाकू किंवा हातमोजे, ०.२६ टक्के. एक चाकू निघायला सरासरी ३८५ केस लागतात. केस उघडायला विकत घ्याव्या लागणाऱ्या किल्लीची किंमत २.४९ डॉलर धरली तर किल्ल्यांचाच खर्च सुमारे ९५८ डॉलर होतो. ही झाली सरासरी. ९५ टक्के खात्रीसाठी १,१५१ केस उघडाव्या लागतील.

काही गेम यावर ‘पिटी’ नावाची हमी देतात : ठरावीक प्रयत्नांत मोठी वस्तू मिळाली नाही तर पुढच्या प्रयत्नात ती द्यायचीच. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि नव्वदाव्या प्रयत्नाला हमी आहे. हमी नसती तर ९० प्रयत्नांनंतरही सुमारे ५८ टक्के खेळाडूंना काहीच मिळाले नसते. तेव्हा ही सोय खरोखर उपयोगाची आहे. पण हमी ‘कोणत्यातरी’ पंचतारांकित पात्राची असते. त्या आठवड्यात जाहिरात चाललेले पात्र पहिल्या खेपेला हुकू शकते, आणि मग पुढची हमी गाठेपर्यंत पुन्हा ‘ओढत’, म्हणजे पेट्या उघडत, राहावे लागते. सर्वांत वाईट प्रसंगी हे १८० प्रयत्न होतात. एका प्रयत्नाला १६० रत्ने, म्हणजे २८,८०० रत्ने. हा आकडा गेममध्ये ठळक अक्षरांत कुठेही येत नाही. तो खेळाडूने स्वतः काढायचा.

सर्वांत घातक रचना संच पूर्ण करण्याची. दहा वस्तू आहेत, प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आणि दहाही जमवल्या तर मोठे बक्षीस, असे समजा. पूर्ण संचाला सरासरी २९ ते ३० पेट्या लागतात. पहिल्या पाच वस्तू साडेसहा पेट्यांत जमतात, उरलेल्या पाचांना जवळपास २३ लागतात आणि शेवटच्या एकटीला सरासरी १०. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी अवस्था इथे गणितानेच आणलेली असते, आणि नऊ हातात असलेला माणूस सहसा थांबत नाही. जपानमध्ये या प्रकाराला ‘कोम्पू गाचा’ म्हणत. मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने तो बक्षीस-योजनांच्या कायद्याखाली बेकायदा ठरवला आणि कंपन्यांनी तो बंद केला. साधा गाचा मात्र चालूच राहिला. सगळ्या पेट्यांवर सरसकट बोलण्याऐवजी नेमक्या एका रचनेवर बोट ठेवणारा तो निर्णय होता, म्हणून तो आजही अभ्यासण्याजोगा आहे.

प्रश्न : सरळ पैसे न घेता हिरे, रत्ने, नाणी यांचा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

किंमत डोळ्यांआड करण्यासाठी. वस्तू ५०० हिऱ्यांची आणि हिऱ्यांचे गठ्ठे ४०० किंवा १,००० चे, ही जुळणी मुद्दाम अशी ठेवलेली असते. एकच वस्तू हवी असली तरी हिरे उरतात, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा गठ्ठा घेतला जातो. मोठ्या गठ्ठ्यावर जादा हिरे, पहिल्या खरेदीला दुप्पट हिरे. एका हिऱ्याची किंमत दर वेळी वेगळी पडते आणि मनातल्या मनात हिशेब करणे अशक्य होते. त्यात दोन प्रकारची नाणी असली, एक विकतची आणि एक खेळून मिळणारी, तर गोंधळ आणखी वाढतो.

इथे नियम करणे सोपे आहे आणि तसे पाऊल पडलेही आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेन्शिन इम्पॅक्टच्या कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यात तीन अटी महत्त्वाच्या होत्या : पालकांच्या संमतीविना १६ वर्षांखालील मुलांना पेट्या विकायच्या नाहीत, शक्यता आणि नाण्यांचा विनिमय दर उघड सांगायचा, आणि पेटी थेट खऱ्या पैशांत घेण्याचा पर्यायही द्यायचा. त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपीय संघातील ग्राहक-संरक्षण यंत्रणांनीही आभासी नाण्यांत सांगितलेली किंमत खऱ्या चलनातही दिसली पाहिजे असे तत्त्व मांडले.

प्रश्न : मग हा कायद्याने जुगारच ना? बंदी का नाही?

बहुतेक देशांच्या कायद्यात जुगार ठरायला तीन गोष्टी लागतात : पैसे लावणे, निकाल नशिबावर असणे आणि मोलाचे बक्षीस. पहिल्या दोन पेटीत उघड आहेत. सगळा वाद तिसरीवर आहे. गेमबाहेर विकताच न येणाऱ्या, पात्राच्या पोशाखाला ‘मोल’ आहे का?

शेजारी-शेजारी असलेल्या दोन देशांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये ओव्हरवॉच, फिफा १८ आणि काउंटर-स्ट्राइक यांतल्या विकतच्या पेट्या जुगार ठरवल्या. तिथल्या व्याख्येत बक्षीस गेमबाहेर विकता आलेच पाहिजे अशी अट नाही. फिफा गेमची कंपनी ईएने जानेवारी २०१९ मध्ये तिथे फिफा पॉइंट, म्हणजे पॅक घेण्याचे आभासी नाणे, विकणे थांबवले. नेदरलँड्सच्या नियामकाने एप्रिल २०१८ मध्येच दहा गेम तपासून चार दोषी ठरवले, पण कसोटी वेगळी लावली : वस्तू दुसऱ्याला देता-विकता येते का? पुढे त्याने ईएवर एक कोटी युरोच्या दंडाचा आदेश काढला. मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. कारण असे दिले की पॅक उघडणे हा स्वतंत्र खेळ नाही, तो कौशल्याच्या मोठ्या फुटबॉल गेमचाच एक भाग आहे.

ब्रिटनच्या २००५ च्या कायद्यात बक्षीस ‘पैसा किंवा पैशाच्या मोलाचे’ असावे लागते. २०१९ मध्ये संसदीय समितीने पेट्या या कायद्याखाली आणा असे सुचवले, पण जुलै २०२२ मध्ये सरकारने नकार दिला आणि उद्योगालाच नियम करायला सांगितले. वर्षभराने उद्योगाने ११ तत्त्वे जाहीर केली. भारताच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे किंवा दुसरा लाभ जिंकण्याच्या खेळांवर आहे, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. पैशांत न बदलणाऱ्या पोशाखाच्या पेटीचा प्रश्न त्या कायद्याने नाव घेऊन सोडवलेला नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. ‘हा जुगार आहे का’ या प्रश्नाभोवती फिरत राहिले की निकाल व्याख्येतल्या एका शब्दावर लागतो आणि पेटी जशीच्या तशी राहते. शेजारच्या माणसाला वस्तू विकता येते की नाही यावर खेळणाऱ्याच्या मनावरचा परिणाम ठरत नाही. नियम पेटीच्या रचनेवर हवेत : किंमत कशी दाखवली, शक्यता कोण तपासतो, कुणाला विकली, कुठे थांबते.

प्रश्न : लहानपणी आम्ही खेळाडूंच्या चित्रांची बंद पाकिटे घ्यायचो. त्यावर कुणी बंदी मागितली नाही. मग यावरच एवढा गहजब का?

तुलना अगदीच चुकीची नाही. त्या पाकिटांतही नशीब होते आणि दुर्मीळ चित्रही होते. पण पाकीट घ्यायला दुकानात जावे लागे, हातात नोटा असाव्या लागत, दुकान रात्री बंद होई. नकोसे चित्र मित्राशी बदलता येई. पाकीट सगळ्यांसाठी सारखे होते. ते तुम्हाला ओळखत नव्हते.

गेमला खेळणारा ओळखता येतो. तो कोणत्या वेळी खेळतो, हरल्यावर किती मिनिटांत खरेदी करतो, किती दिवस आला नाही, याची नोंद कंपनीकडे असते. त्यावरून सवलत कुणाला आणि केव्हा दाखवायची हे ठरवता येते. दोन खरेद्यांमधले अंतर अर्ध्या सेकंदावर आलेले असते. शिवाय मोफत गेमचे बरेचसे उत्पन्न थोड्या, फार खर्च करणाऱ्या खेळाडूंकडून येते. नियमनाची गरज आहे ती या टोकाच्या खेळाडूंसाठी. महिन्याला एक पेटी उघडणाऱ्याला तिचा त्रास नाही.

संशोधनाबद्दलही दोन वाक्ये. झेंडल आणि केर्न्स या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेट्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराच्या समस्येची लक्षणेही जास्त आढळली, आणि पुढच्या बऱ्याच अभ्यासांत तोच संबंध दिसला. यावरून पेटीने जुगारी बनवले, असे सिद्ध होत नाही. आधीच जुगाराकडे ओढा असलेली माणसे पेट्यांकडे वळत असतील, हेही शक्य आहे. पण धोरणासाठी दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच निघतो : एकात पेटी नवे रोगी तयार करते, दुसऱ्यात आधीच्या रोग्यांकडून पैसे काढते.

प्रश्न : शक्यता जाहीर करायला लावल्या की पुरे नाही का? सज्ञान माणसाने वाचून ठरवावे.

जाहीर करणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. चीनने १ मे २०१७ पासून शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या दुकानातील गेमना तोच नियम लावला, पुढे गूगलनेही. तरीही आकडे कुठे असतात? पेटीच्या कोपऱ्यातल्या ‘i’ चिन्हामागे, तिसऱ्या पानावर, शंभर वस्तूंच्या लांबलचक यादीत.

आणि छापलेला आकडा खरा कशावरून? दक्षिण कोरियातले मेपलस्टोरी या गेमचे प्रकरण इथे डोळे उघडणारे आहे. त्यात पात्रांच्या सामग्रीचे गुण बदलणारे ‘क्यूब’ विकत मिळत. तिथल्या स्पर्धा आयोगाच्या तपासात असे निष्पन्न झाले की कंपनीने २०१० पासून हव्याहव्याशा गुणांची शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केली, आणि २०११ ते २०२१ या काळात काही लोकप्रिय जोड्या तर निघूच शकत नव्हत्या. त्यांची शक्यता शून्य होती. लोक दहा वर्षे शून्यावर पैसे लावत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये मेपलस्टोरीची कंपनी नेक्सॉनला सुमारे ११६० कोटी वॉन दंड झाला आणि २२ मार्च २०२४ पासून कोरियात शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले.

खेळाडूला बाहेरून हे पकडता येत नाही. एक टक्क्याची वस्तू शंभर पेट्यांत आली नाही तर ते नशीब की लबाडी? आपण पाहिलेच की ३७ टक्के लोकांच्या बाबतीत प्रामाणिक गेममध्येही असेच होते. फरक कळायला हजारो पेट्यांची नोंद लागते, आणि ती सर्व्हरवर असते. म्हणून तपासनीस सर्व्हरपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

प्रश्न : बेल्जियमने बंदी घातली. प्रश्न सुटला का?

कागदावर सुटला. २०२२ मध्ये केलेल्या एका अभ्यासात बेल्जियममधील सर्वाधिक कमाईचे १०० आयफोन गेम तपासले, तेव्हा त्यांतल्या ८२ गेममध्ये विकतच्या पेट्या सापडल्या. मोठ्या, डोळ्यांत भरणाऱ्या कंपन्या निघून गेल्या किंवा बदलल्या, बाकीचे तसेच राहिले. नियम आहे पण पाहणारा नाही, अशा ठिकाणी पालकांना खोटा दिलासा मिळतो, तो वेगळाच तोटा.

ऑस्ट्रेलियाने मार्ग बदलला. २२ सप्टेंबर २०२४ पासून वर्गीकरण होणाऱ्या गेममध्ये विकतची पेटी असेल तर निदान ‘एम’ मानांकन, म्हणजे १५ वर्षांवरील मुलांसाठी शिफारस, आणि कॅसिनोची नक्कल असेल तर थेट १८ वर्षांवरील. ‘एम’ हा सल्ला आहे, विक्रीवर बंधन नाही, ही त्याची मर्यादा. ब्राझीलने २०२५ च्या मुलांच्या डिजिटल संरक्षणाच्या कायद्यात मुले वापरण्याची शक्यता असलेल्या गेममध्ये पेट्यांना मनाई केली.

सरकारने हात घालावा असे आम्हाला ठामपणे वाटते. उद्योगानेच उद्योगावर लक्ष ठेवायचे म्हणजे कुंपणाकडेच शेताची राखण सोपवणे. पण सरसकट बंदीपेक्षा तपासता येणारे नियम हवेत. पेटीच्या बटणावरच खऱ्या चलनात किंमत हवी. हवी ती वस्तू मिळवण्याचा सर्वांत वाईट प्रसंगातला एकूण खर्च त्याच ठिकाणी हवा. विकतच्या प्रत्येक पेटीला कमाल मर्यादा असावी आणि तिथे पोहोचल्यावर वस्तू द्यावीच लागावी. अल्पवयीन खात्यांत विकतच्या पेट्या मुळातच बंद असाव्यात. तक्त्यातला प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवावा आणि नियामकाने मागताच द्यावा. शेवटचे कलम सर्वांत रुक्ष दिसते, पण मेपलस्टोरीसारखे प्रकरण लवकर पकडले जाते ते त्यानेच. दंड उलाढालीच्या प्रमाणात हवा, नाहीतर तो धंद्याचा किरकोळ खर्च होऊन बसतो.

नशिबावर आधारलेली प्रत्येक गोष्ट नियमात ओढू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. राक्षस मारल्यावर कधी तलवार मिळते, कधी ढाल. त्यात पैसे जात नसतील तर सरकारचा तिथे काही संबंध नाही.

प्रश्न : आम्ही चार जण मिळून एक गेम बनवतो आहोत. नशिबाचा भाग ठेवायचा आहे, पण कुणाला फसवायचे नाही. काय काळजी घ्यावी?

निकाल सर्व्हरवरच काढा. फोनवर काढलेला निकाल बदलता येतो. यादृच्छिक संख्या सुरक्षित स्रोतातून घ्या आणि ती शंभराने भागून बाकी घेण्याची घाई करू नका. ० ते २५५ मधली संख्या शंभराने भागली तर ० ते ५५ या बाक्या प्रत्येकी तीन वेळा येतात आणि ५६ ते ९९ दोनच वेळा. परिणामी ‘एक टक्का’ कुठे १.१७ होतो, कुठे ०.७८. २०० आणि त्यावरची संख्या टाकून पुन्हा काढली की हा दोष जातो.

प्रकाशनापूर्वी तक्ता एक लाख वेळा चालवून पाहा. १ टक्क्याची वस्तू साधारण १,००० वेळा यावी, आणि ९३७ ते १,०६३ या पट्ट्याबाहेरचा आकडा प्रामाणिक यंत्रणेत वीसपैकी एखाद्या वेळीच दिसतो. बाहेर गेला तर पुन्हा चालवा, पुन्हा गेला तर चूक शोधा. चुका बहुधा तीन ठिकाणी असतात : नवी वस्तू घातल्यावर टक्क्यांची बेरीज शंभर राहत नाही, पिटीचा मोजक नवा बॅनर, म्हणजे ठरावीक मुदतीची नवी पेटी, येताच शून्यावर जातो, किंवा मध्येच जोडणी तुटल्यावर पैसे वजा होतात आणि वस्तू जमा होत नाही. वजा आणि जमा या दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात ठेवा.

पडद्यावर छापलेला आकडा आणि सर्व्हर वापरतो तो तक्ता एकाच फाइलमधून यावा. दोन ठिकाणी हाताने लिहिलेले आकडे कधी ना कधी वेगळे होतातच. आणि जमले तर पेटी फक्त खेळून मिळू द्या, पैशाने वस्तू थेट विका.

प्रश्न : मुलाने फोनवरून बरीच खरेदी केली. पैसे परत मिळतील का? पुढे हे कसे थांबवावे?

आधी गेम उघडायचे थांबवा. विकत घेतलेले हिरे वापरले गेले की परतावा अवघड होतो. मग पावतीचा ईमेल शोधा, त्यातला व्यवहार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. गूगल प्लेवर खरेदीला ४८ तास झाले नसतील तर परताव्याची विनंती थेट तिथेच करता येते, त्यानंतर बहुधा गेम बनवणाऱ्याकडे जावे लागते. ॲपलवर ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या पानावर खरेदी निवडून, अल्पवयीन मुलाने परवानगीविना केली असे कारण द्या. बँकेकडून व्यवहार उलटवणे हा शेवटचा मार्ग ठेवा, कारण तसे केल्यावर अनेक कंपन्या गेमचे पूर्ण खाते गोठवतात आणि त्यातली आधीची रीतसर खरेदीही अडकते.

पुढच्यासाठी : आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्क्रीन टाइम, त्यात कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स, आणि तिथे इन-ॲप परचेसेस बंद करा. स्क्रीन टाइमला फोनच्या कुलपापेक्षा वेगळा पासकोड द्या, कारण फोनचा पासकोड मुलांना माहीत असतो. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. तिथे बोटाचा ठसा चालतो, म्हणून मुलाचा ठसा त्या फोनवर नोंदवलेला नाही ना, ते पाहा. मुलाचे खाते फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये असेल तर खरेदीची संमती तुमच्या फोनवर येते, पण फक्त गूगलच्या देयक-व्यवस्थेतून होणाऱ्या खरेदीची. गेमच्या संकेतस्थळावर कार्ड टाकून केलेली खरेदी तिच्या नजरेत येत नाही. म्हणून मुलाच्या फोनवर कार्ड साठवूच नका. प्लेस्टेशनवर मुलाच्या खात्याला महिन्याची खर्चमर्यादा लावता येते, ती शून्य ठेवा.

डब्यावर किंवा दुकानाच्या पानावर ‘इन-गेम परचेसेस’ या शब्दांखाली ‘यादृच्छिक वस्तूंसह’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आहे का, हेही पाहा. अमेरिकी आणि युरोपीय मानांकन संस्थांनी ती २०२० पासून सुरू केली आहे. गेम घेण्याआधी तेवढे वाचायला दहा सेकंद लागतात.

प्रश्न : गेममधल्या स्किन (शस्त्रांची किंवा पात्रांची सजावट) लावून पैजा घेणारी संकेतस्थळे दिसतात. ती गेम कंपनीचीच असतात का?

नसतात. ही तिऱ्हाईत संकेतस्थळे खेळाडूची स्किन आपल्याकडे घेतात, तिचे गुण करून देतात आणि त्यावर चक्र किंवा नाणेफेक खेळवतात. जिंकलेली स्किन बाजारात विकली की रोख पैसे. इथे ‘मोलाचे बक्षीस’ या अटीचा वाद उरत नाही. २०१६ मध्ये काउंटर-स्ट्राइकची कंपनी व्हॉल्व्हने अशा अनेक संकेतस्थळांना बंद करण्याच्या नोटिसा पाठवल्या, तरी नवी निघत राहिली. त्यांवर वय तपासले जाईलच असे नाही, आणि त्यांच्याकडे अडकलेली स्किन गेम कंपनी परत करत नाही. खाते तिथे जोडले असेल तर पासवर्ड बदला, सर्व साधनांवरून बाहेर पडा आणि स्टीम या व्हॉल्व्हच्या गेम-दुकानातली वेब एपीआय किल्ली, म्हणजे खात्याच्या देवघेवी बाहेरून हाताळू देणारा गुप्त कोड, रद्द करा. ही किल्ली हाती लागली की चोर तुमच्या देवघेवीचा प्रस्ताव रद्द करून तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या खात्याकडून नवा पाठवतो.

प्रश्न : मी सज्ञान आहे, स्वतःच्या पैशाने खेळतो. पण खर्च हाताबाहेर जातोय असे वाटते. गेम सोडायचा नाही. काही उपाय?

आधी आकडा पाहा. बऱ्याच गाचा गेममध्ये ओढीचा, म्हणजे उघडलेल्या पेट्यांचा, इतिहास मिळतो, पण काही ठिकाणी तो काही महिन्यांपुरताच असतो, म्हणून बँकेच्या किंवा ॲप-दुकानाच्या खरेदी यादीतून गेल्या बारा महिन्यांची बेरीज करा. मनातला अंदाज आणि ही बेरीज सहसा जुळत नाहीत. मग गेमला जोडलेले कार्ड काढून टाका आणि ठरवलेल्या रकमेचे भेटकार्ड महिन्यातून एकदाच घ्या. ते संपले की त्या महिन्याची खरेदी संपली. प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड हाताने टाकावा लागेल असे ठेवा. मधला तो थोडा वेळच गेमने काढून घेतलेला असतो. बॅनर संपायच्या शेवटच्या दोन तासांत काहीही घेऊ नका, कारण उलटे चालणारे घड्याळ त्यासाठीच लावलेले असते, आणि बहुतेक पात्रे पुढे पुन्हा येतात. हे करूनही उधारी होत असेल, घरच्यांपासून खर्च लपवावा लागत असेल किंवा गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा ओढावेसे वाटत असेल, तर जुगाराच्या व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा आणि ती बारा महिन्यांची बेरीज सोबत न्या.